सिद्धांत बदलले, बाटली तीच

१७८८च्या जानेवारीत कैदी घेऊन आलेला अकरा ब्रिटिश जहाजांचा ताफा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागला. या नव्या वसाहतीचा मुख्य शल्यचिकित्सक होता जॉन व्हाइट. त्याच्याकडे रुग्ण भरपूर आणि औषधं मोजकी. नवा साठा यायचा तर तोही कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास करून. अशा वेळी माणूस आजूबाजूच्या झाडपाल्याकडे वळणारच. सिडनीच्या परिसरात एक झाड होतं, त्याचं पान चुरगाळलं की थेट इंग्लंडातल्या पेपरमिंटचा वास यायचा. त्या पानांचं तेल काढून पोटदुखीवर दिलं गेलं आणि पोटातल्या कळा थांबवायला हे इंग्लिश पेपरमिंटपेक्षा सरस आहे, असं व्हाइटचं मत झालं. लिटरभराहून थोडं जास्त तेल त्याने इंग्लंडला पाठवलं. १७९०मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तात तशी नोंद आहे. मात्र त्याच्या हाताखालचा डेनिस कॉन्सिडेन याने १७८८च्या नोव्हेंबरातच वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून इथल्या औषधी वनस्पतींचं श्रेय स्वतःच्या नावावर मांडून ठेवलं होतं. साहेब आणि सहायक यांच्यातली ही नेहमीची भानगड. या झाडांच्या पाल्याचा आणि डिंकाचा औषधी उपयोग करणारे तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षं तिथे राहत होते. त्यांचं नाव या श्रेयाच्या भांडणात कुठेच नाही.

निलगिरी तेल म्हटलं की आपल्याला सर्दी आठवते. युरोपीय माणसाच्या हाती मात्र ते पोटाचं औषध म्हणून आलं. पुढच्या दीडशे वर्षांत या तेलाने कितीतरी आजारांवर हक्क सांगितला, आणि प्रत्येक वेळी त्यामागचं शास्त्रीय कारण वेगळं होतं. न बदलता राहिला तो फक्त वास.

व्हाइटच्या त्या पहिल्या तेलानंतर साठ-एक वर्षं फारसं काही घडलं नाही. मग व्हिक्टोरियात सोनं सापडलं, जगभरातून माणसं मेलबर्नला लोटली आणि त्यांच्याबरोबर जोसेफ बोसिस्टो हा इंग्लंडातून आलेला औषधविक्रेताही आला. मेलबर्नच्या रिचमंड भागात त्याने दुकान थाटलं. १८५३मध्ये व्हिक्टोरियाचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमलेला जर्मन संशोधक फर्डिनांड फॉन म्यूलर याला युकॅलिप्टसचं, म्हणजे निलगिरीच्या झाडांचं, अक्षरशः वेड होतं. त्याच्या आग्रहावरून बोसिस्टोने १८५०च्या दशकाच्या पूर्वार्धात डँडेनाँगच्या ओढ्याकाठी भट्टी लावली. त्याच्या बाटलीवरचा पोपट ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत पोचला आणि आजही तिथल्या दुकानांत दिसतो.

भट्टीमागचं विज्ञान मोठं गमतीचं आहे. या तेलातला मुख्य घटक सिनिओल १७६ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो. पाला तेवढा तापवला तर तो करपून जाईल. पण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचीही वाफ स्वतंत्रपणे दाब देते. दोघांच्या दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागतं, आणि हे शंभर अंशांच्या किंचित खालीच घडतं. म्हणजे पाल्यातून पाण्याची वाफ सोडली की इतक्या चढ्या उत्कलनबिंदूचं तेलही तिच्याबरोबर निघून येतं. वाफ थंड केली की तेल पाण्यावर तरंगतं, वरच्यावर काढून घ्यायचं. त्याला ना मोठी यंत्रं लागत, ना शिकलेला रसायनतज्ज्ञ. व्हिक्टोरियात बेंडिगोच्या आसपास मॅली नावाच्या खुरट्या युकॅलिप्टसचं रान आहे. तिथे जमिनीत पुरलेली टाकी, शेजारी बॉयलर आणि पाण्यात बुडवलेली नळी एवढ्यावर धंदा चालायचा. जळण म्हणून आधीच्या घाण्यातला वाळलेला चोथा वापरायचा. हे मॅली जमिनीलगत छाटलं तरी बुंध्याच्या गाठीतून पुन्हा फुटतं आणि दीड-दोन वर्षांत कापणीला येतं. शेतीत किंवा खाणीत हाती काही लागलं नाही, की पाला कापायला जाण्याचा मार्ग मोकळा असायचा.

अडचण निराळीच होती. युकॅलिप्टसच्या जाती सातशेहून अधिक, आणि दोन शेजारच्या झाडांचं तेल एकसारखं असेलच असं नाही. काहींच्या तेलात सिनिओल ठासून भरलेलं असतं, काहींत ते नावापुरतं आणि फेलँड्रिन हा दुसराच पदार्थ जास्त. बाटलीवर मात्र सरसकट ‘युकॅलिप्टस’. सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्यूझियममधल्या रिचर्ड बेकर आणि हेन्री स्मिथ या जोडीने हा गुंता सोडवायला घेतला. एक वनस्पतिशास्त्रज्ञ, दुसरा रसायनतज्ज्ञ. शंभरहून अधिक जातींचा पाला गोळा करायचा, तेल काढायचं आणि त्याचं पृथक्करण करायचं, असं वर्षानुवर्षं केलेलं किचकट काम १९०२मध्ये ग्रंथरूपाने आलं. माझ्या मते या सगळ्या कथेतले खरे नायक हेच दोघे, जरी त्यांचं चित्र कुठल्याच बाटलीवर नाही. पुढे औषधी तेलात सिनिओल किमान किती हवं याचे नियम झाले. आजच्या औषधकोशांत ते प्रमाण साधारण सत्तर टक्के आहे. औषधाला नालायक ठरलेलं फेलँड्रिनवालं तेलही वाया गेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रोकन हिलच्या खाणींत शिसं आणि जस्ताचं खनिज मातीपासून वेगळं करायला ते फेस आणणारं द्रव्य म्हणून वापरलं गेलं. दळलेलं खनिज पाण्यात घालून हवा सोडली की धातूचे सल्फाइड कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि निरुपयोगी दगड तळाशी राहतो. तेव्हा सर्दीच्या बाटलीतल्या तेलाच्या चुलत भावाने खाणमालकांना श्रीमंत केलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता घराकडे येऊ. वसाहतीतल्या मेंढपाळाच्या वस्तीपासून डॉक्टर एक-दोन दिवसांच्या घोडदौडीवर असला तरी जवळच म्हणायचा. त्यामुळे घरधनीण हीच डॉक्टर, आणि फळीवरच्या दोन-चार बाटल्या हाच तिचा दवाखाना. साखरेच्या खड्यावर तेलाचे थेंब टाकून मुलाच्या तोंडात द्यायचे. उकळत्या पाण्यात थेंब टाकून डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा घ्यायचा. ऑलिव्ह तेलात मिसळून छातीला चोळायचं आणि वर फलालीन गुंडाळायचं. रुमालावर शिंपडायचं. मुरगळलेल्या पायाला, किडा चावला तिथे, कापलं-खरचटलं तिथेही तेच. कपड्यावरचे डाग काढायला, लोकरीचे कपडे धुवायला आणि पिसवा पळवायलाही हीच बाटली. एका औषधाने इतक्या तक्रारी बऱ्या होतात असं कोणी सांगितलं, तर आपण सावध व्हायला हवं. पण वासच असा की शंका घ्यायला माणूस धजत नसे.

आणि त्या काळचं वैद्यकशास्त्रही वासाच्याच बाजूचं होतं. रोग कुजक्या, दुर्गंधी हवेतून येतो असा समज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पक्का होता. दुर्गंध हे कारण, तर सुगंध हा उपाय. फॉन म्यूलरने जगभर युकॅलिप्टसचं बी पाठवलं. अल्जीरियातल्या आणि इटलीतल्या दलदलींत ‘तापाचं झाड’ म्हणून त्याची लागवड झाली. रोमजवळच्या त्रे फोंताने मठातल्या साधूंनी हजारो झाडं लावली, शिवाय पाल्यापासून मद्यही बनवायला घेतलं. बोसिस्टोने १८७४मध्ये मेलबर्नच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्याचा विषयच हा होता, की हे झाड तापाचा नाश करतं का? पानांतून सुटणाऱ्या तेलामुळे हवेत ओझोन तयार होतो आणि तो रोगट वाफा जाळतो, असं तेव्हा गांभीर्याने मांडलं जात होतं. काही ठिकाणी मलेरिया खरोखर कमी झालाही. झाडं झपाट्याने पाणी ओढत, दलदल आटे, डासांना जागा उरत नसे. पण डासांचा संबंध तोवर कोणी सिद्ध केला नव्हता. तो सिद्ध केला रोनाल्ड रॉस यांनी, १८९७मध्ये, सिकंदराबादेत.

याच शतकात ही झाडं आपल्याकडेही आली. १८४३च्या सुमारास इंग्रजांनी ती निलगिरी पर्वतात लावली. उटीच्या थंडीत जळणासाठी शोला जंगलं तुटून चालली होती, म्हणून १८५०च्या दशकात मोठी लागवड झाली. औषधाचा तिथे संबंध नव्हता, लाकूडफाटा हवा होता. पाल्यापासून तेल काढणं नंतर आलं आणि त्या डोंगराचंच नाव मराठी घरातल्या बाटलीवर चिकटलं.

जंतूंचा सिद्धांत आला, दुर्गंधीचा सिद्धांत अडगळीत गेला. त्याच्याबरोबर हे तेलही जायला हवं होतं. ते गेलं नाही, त्याने फक्त बाजू बदलली. आता ते ‘जंतुनाशक’ झालं. खुद्द ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८८०च्या दशकात कार्बोलिक आम्लाला पर्याय म्हणून युकॅलिप्टस तेल लावलेली मलमपट्टी वापरून पाहिली. काही जंतूंवर तेलाचा परिणाम प्रयोगशाळेत होतो, हे खरं आहे. पण रुमालावरच्या चार थेंबांनी इन्फ्लुएन्झाचा विषाणू अडत नाही. १९१९मध्ये इन्फ्लुएन्झाची जगभरची साथ ऑस्ट्रेलियात पोचली तेव्हा लोकांनी रुमाल तेलात भिजवून नाकाला लावले. सरकारी खात्यांची कथा याहून वेगळी नव्हती. त्यांनी खोल्या उभारून माणसांना झिंक सल्फेटचा वाफारा दिला. रुमालवाल्यांना हसायचं कारण नाही.

मग वाफारा घेतल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, ते काय? वेल्समधल्या कार्डिफ इथे रॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे मोजून पाहिलं. कापूर, युकॅलिप्टस आणि मेंथॉल यांच्या वाफा हुंगायला देऊन नाकातून हवेला होणारा अडथळा यंत्राने नोंदवला. लोक सांगत होते की श्वास छान मोकळा झाला. यंत्र सांगत होतं की अडथळा होता तेवढाच आहे. नाकातल्या आणि घशातल्या चेतातंतूंवर थंडावा जाणवून देणारा टीआरपीएम-८ नावाचा ग्राहक असतो. थंड हवा लागली की तो जागा होतो, तसाच मेंथॉल आणि सिनिओल यांनीही होतो. मेंदू समजतो, भरपूर थंड हवा आत येते आहे. सूज तशीच असते, शेंबूड तसाच असतो. तरीही रात्री कोंदलेल्या नाकाने तळमळणाऱ्या माणसाला झोप लागणार असेल, तर या फसवणुकीला मी नावं ठेवणार नाही.

सिनिओल तेवढ्यावर थांबत नाही. जर्मनीत २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दम्याच्या बत्तीस रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम शुद्ध सिनिओल कॅप्सूलमधून दिलं, इतरांना औषध नसलेली कॅप्सूल. सिनिओल घेणाऱ्यांना स्टेरॉइडचा डोस लक्षणीयरीत्या कमी करता आला, कारण ते श्वसनमार्गातला दाह कमी करतं. बत्तीस हा आकडा लहान आहे, पण चाचणीची पद्धत चोख होती. इथे सिनिओल पोटातून, मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं होतं, हे महत्त्वाचं.

कारण ६०० मिलिग्रॅम हा मोठ्या माणसाचा पूर्ण दिवसाचा डोस, आणि चहाच्या एका चमच्यात मावणाऱ्या तेलात तो पाच-सहा दिवसांचा असतो. लहान मुलाला तेवढं तेल गुंगी आणायला, प्रसंगी झटके यायला पुरतं. मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात १९८१ ते १९९२ या काळात हे तेल पोटात गेल्यामुळे १०९ मुलं दाखल झाली होती. तशा घटनांच्या नंतरच्या एका पाहणीत पुढे आलं की बहुतेकांच्या हाती ते फळीवरच्या बाटलीतून आलं नव्हतं. सर्दी झालेल्या मुलाला वाफ मिळावी म्हणून त्याच्याच खोलीत, जमिनीवर, वाफेचं यंत्र लावून ठेवलेलं असे. मुलं तेल तिथूनच प्यायली होती.