घरें कोणासाठीं ?

“घर पहावें बांधून” अशी मराठींत म्हण आहे. न्यूझीलंड या बेटांच्या देशांत मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला : बांधलेलें घर विकावें कोणास ?

ऑक्लंड शहरांत घरांच्या किमती पगाराच्या मानानें इतक्या चढल्या कीं, तरुण जोडप्यास स्वतःचें छप्पर दुरापास्त झालें. तेव्हां २०१८ च्या ऑगस्टांत पार्लमेंटनें कायदा करून बहुतेक परदेशस्थांस तयार घरें विकत घेण्यास मनाई केली. जुन्या करारांमुळें ऑस्ट्रेलिया व सिंगापूर येथील नागरिक तींतून वगळले गेले.

समर्थकांचें म्हणणें असें कीं, घर हें राहण्यासाठीं असतें. ती पैसा ठेवण्याची तिजोरी नव्हे. दूरदेशींच्या धनिकाशीं लिलावांत चढाओढ करण्याची पाळी गांवच्या शिक्षकावर कां यावी ? विरोधक उत्तर देतात कीं, सरकारी आंकड्यांप्रमाणें परकीयांकडे जाणारीं घरें देशभरांत शेंकडा तीनच्या आसपासच होतीं. टंचाईचें मूळ बांधकामाचा खर्च आणि शहररचनेचे जाचक नियम यांत आहे.

पुढील अनुभव उद्बोधक आहे. बंदी असतांनाहि २०२०-२१ सालीं स्वस्त कर्जामुळें किमती झपाट्यानें वाढल्या. उलट, २०१६ च्या नव्या आराखड्यानें दाट वस्तीस परवानगी मिळतांच ऑक्लंडमध्यें बांधकामास जोर आला. २०२५ सालीं तर सरकारनें बड्या गुंतवणूकदारांस, निदान पन्नास लाख डॉलरांच्या एका घरापुरती, सवलत जाहीर केली.

तात्पर्य, श्रोतेहो, बंदीनें रांगेंतील माणसें कमी होतात. घरें वाढत नाहींत. पहिला मान कोणाचा, हें कायदा ठरवूं शकेल. पण छप्पर गवंड्याच्या हातूनच उभें राहतें.