तंत्रशिक्षणातील नवा मदतनीस

ज्यांच्या घरातील पहिलेच मूल पॉलिटेक्निकला वा इंजिनिअरिंगला गेले आहे, त्या पालकांना एक अडचण ठाऊक असेल. गणिताला क्लास मिळतो, थिअरीला गाईड मिळते. परंतु प्रॅक्टिकलमध्ये सर्किट चालले नाही तर विचारायचे कोणाला? बॅच मोठी, सर एकटे. तास संपतो आणि शेजाऱ्याच्या वहीतील रीडिंग उतरवून जर्नल पूर्ण होते. मार्क मिळतात, हात मात्र कोराच राहतो.

येथे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे बहुमाध्यमी सहायक उपयोगी पडू शकतात. बहुमाध्यमी म्हणजे लिहिलेल्या मजकुराबरोबरच फोटो व आवाजही समजून घेणारे. चॅटजीपीटीमध्ये ही सोय सप्टेंबर २०२३ पासून येऊ लागली. गुगलचे जेमिनी ॲप जून २०२४ मध्ये भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत आले. तेव्हा इंग्रजीच्या संकोचाने प्रश्न पोटात ठेवण्याचे कारण नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. ५ व्होल्टचा पुरवठा, ३३० ओहमचा रेझिस्टर व लाल एलईडी ब्रेडबोर्डवर ओळीने जोडले, पण एलईडी पेटत नाही. फोटो दाखवून विचारले तर सहायक शंका सुचवील : एलईडीचा लांब पाय धन बाजूस आहे ना? दोन्ही पाय एकाच पाच छिद्रांच्या ओळीत तर गेले नाहीत? त्या पाच छिद्रांखाली एकच धातूची पट्टी असते, त्यामुळे तसे झाल्यास एलईडी शॉर्ट होतो. काही लांब ब्रेडबोर्डांवर कडेची पुरवठ्याची पट्टी मध्येच तुटक असते. ही गोष्ट नवशिक्याला सहसा कोणी सांगत नाही, आणि त्याची सबंध दुपार त्यात जाते.

मात्र हा सहायक चुकतो, आणि चुकतानाही तितक्याच ठामपणे बोलतो. वायर बाराव्या ओळीत आहे की तेराव्या, हे फोटोवरून त्याला पुष्कळदा नीट कळत नाही. रंगांचेही तेच. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम. अपुऱ्या उजेडात लाल व नारिंगी यांत माणसाचीही गल्लत होते. इथे ती दहा पटींची ठरते.

म्हणून फोटोबरोबर मल्टिमीटरचे रीडिंग द्यावे. वरील सर्किट बरोबर असेल तर एलईडीवर सुमारे २ व्होल्ट, रेझिस्टरवर सुमारे ३ व्होल्ट मिळतात व करंट सुमारे ९ मिलिअँपिअर असतो. एलईडीवर पूर्ण ५ व्होल्ट दिसले तर तो उलटा लागला आहे किंवा जळला आहे. एलईडीवर शून्य व रेझिस्टरवर ५ असतील तर एलईडी शॉर्ट आहे. दोन्हीकडे शून्य असेल तर आधी पुरवठा व वायरी तपासाव्यात. ‘दोष कोणता?’ असे न विचारता ‘आता कोठे मोजू?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा हात लवकर बसतो, असे माझे मत आहे.

२३० व्होल्टची जोडणी आणि चालू लेथ यांच्याबाबतीत मात्र फोनचा सल्ला नकोच. तेथे सर किंवा इन्स्ट्रक्टर समोर हवेत.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. आपल्या मंडळांच्या पुस्तकपेढीत पुस्तकांसोबत दोन-चार मल्टिमीटर व ब्रेडबोर्ड ठेवले, तर सुट्टीच्या दिवशी मुलांना ते घरी नेता येतील.