नाट्यविद्यालयाच्या निवडचाचणीची तयारी

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून रोहिणी हट्टंगडी, वामन केंद्रे असे मराठी रंगकर्मी घडले. तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आधी प्राथमिक चाचणी होते. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेत पारखले जाते.

स्वगत निवडताना गाजलेल्या नटाची नक्कल होईल असा उतारा टाळावा. नाटक पूर्ण वाचावे. पात्र कोणाशी बोलते आहे, त्याला काय हवे आहे आणि आड काय येते, हे कळले की पाठांतर सोपे होते. एक उतारा गंभीर असेल, तर दुसरा वेगळ्या जातकुळीचा घ्यावा. परीक्षक मधेच थांबवून तोच उतारा वेगळ्या भावनेत करायला सांगू शकतात. म्हणून एकाच पद्धतीने घोटून बसवू नये.

हिंदीत सादर करणाऱ्या मराठी उमेदवाराने ‘चोर’, ‘झूठ’ यांतले च आणि झ तपासावेत. मराठी वळण तिथे लगेच कानाला खटकते. रोज थोडा वेळ श्वास, आवाज आणि शरीराच्या व्यायामाला द्यावा. मुलाखतीत पाहिलेल्या नाटकांविषयी विचारले जाते, तेव्हा पाठ केलेल्या समीक्षेपेक्षा स्वतःचे मत अधिक कामाला येते.