शक्तिमानचे फासे

मे महिन्यातली नागपूरची दुपार घरातच काढावी लागते. कूलरसमोर बसून टीव्हीवरच्या सुपरहिरो शक्तिमानला कागदावर उतरवण्याइतका छान उद्योग नाही. पात्र रचायचं आणि फासे टाकत गोष्ट खेळायची, ही पद्धत १९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केली. बळ, चपळाई, बुद्धी अशा सहा क्षमता. प्रत्येकीसाठी तीन फासे टाकून बेरीज घ्यायची.

शक्तिमानला बळ १८ हवंच. पण तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १८ एकदाच येतात, १० मात्र २७ वेळा. फासे बहुधा तुमच्याआमच्यासारखा माणूसच घडवतात! चार टाकून सर्वांत लहान वगळला, तर १,२९६ पैकी २१ वेळा १८. सहाही क्षमतांत? विसरा. म्हणून बरेच जण ठरावीक गुण वाटून घेतात. बळ वाढवलं की दुसरीकडे काटकसर.

इथे १९९७च्या मालिकेतला गंगाधर, म्हणजे शक्तिमानचंच साधं रूप, कामी येतो. त्याचा वेंधळेपणा सोंगच, तरी मी त्याचा कागद वेगळा करतो: बळ १०. गरगर फिरून रूप पालटायला एक खेळी खर्च. तेवढ्यात खलनायक किल्विषच्या वीसबाजू फाशावर २० पडण्याची शक्यता पाच टक्के.