आंब्यावरचा वांडा

ऑर्किड म्हटले की परभणीकरांना आंबोली-महाबळेश्वरचे ओले जंगल आठवते. पण ‘वांडा टेसेलाटा’ दख्खनच्या कोरड्या मुलखातही जुन्या आंब्यावर तग धरते. ते बांडगूळ नाही. झाडाचा रस ते शोषत नाही, फक्त आधार घेते. लोंबणाऱ्या मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी टिपते आणि जाड, खोबणीदार पाने ते जपून वापरतात. पिवळसर-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, ओठ निळसर-जांभळा. इतके देखणे फूल दुर्लक्षित राहावे, याचे वाईट वाटते.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने 1795 मध्ये या ऑर्किडला ‘एपिडेंड्रम’ या प्रजातीत टाकले. रॉबर्ट ब्राउनने 1820 मध्ये वांडा ही वेगळी प्रजाती मांडली, ती याच वनस्पतीच्या आधारे. भारत-श्रीलंकेपासून जपान आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तिच्या जाती पसरल्या आहेत. खासी टेकड्यांतला निळा वांडा त्यांतलाच. पुढे डीएनएच्या पुराव्यावरून अ‍ॅस्कोसेंट्रम आणि जपानची निओफिनेटिया या प्रजाती वांडातच विलीन झाल्या. उलट, दंडगोल पानांच्या जाती ‘पॅपिलिओनँथे’त गेल्या. त्यामुळे ‘वांडा मिस जोकिम’ हे सिंगापूरचे राष्ट्रीय फूल आज शास्त्रीयदृष्ट्या वांडा उरलेले नाही.