काळ्या मातीवरचे रस्ते

जुलैत रस्ता वाहून गेला की गावातले चार-दोन जण पंचायत समितीच्या आवारातल्या बांधकाम उपविभागात जाऊन उभे राहतात. अर्ज हातात घेताना अभियंता पहिलं विचारतो, "रस्त्याचा नंबर काय?" गावाने रस्ता कधी नंबराने ओळखलेला नसतो. तो एसटीचा रस्ता असतो, शाळेचा असतो, नाल्यावरचा असतो. कागदावर मात्र नंबराशिवाय त्याला धनी सापडत नाही. प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर तो राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा. इतर जिल्हा मार्ग, म्हणजे कचेरीच्या बोलीत 'इजिमा', किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा. नंबरच नसेल तर ती पांदण, गावनकाशावर तुटक रेघांनी दाखवलेली वावरांमधली वाट. तिच्यासाठी रोजगार हमीचं दार ठोठावायचं.

वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि सगळ्यांच्या तोंडी तोच रस्ता आला. पण समुद्रपूर किंवा देवळी तालुक्यातला कापूस जिनिंगपर्यंत पोचतो तो आधी पांदणीने, मग ग्रामीण मार्गाने, मग इजिमाने. प्रसूतीच्या कळा सुरू झालेली बाई याच वाटेने दवाखान्यात येते. या रस्त्यांचा सांभाळ करणारं खातं म्हणजे जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. वर एक कार्यकारी अभियंता, तालुक्याला उपअभियंता, त्याच्या हाताखाली शाखा अभियंते. त्यांच्या वाट्याला 6,300 चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला, आठ तालुक्यांचा जिल्हा.

रस्त्यांची ही उतरंड ठरली ती इथून जेमतेम 75 किलोमीटरवर. डिसेंबर 1943 मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांचे वर्ग पाडले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. 'नागपूर योजना' म्हणून ती स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत आजही शिकवली जाते. पैशाचा विचार त्याआधी बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीने केला होता. 1927 मध्ये नेमलेल्या त्या समितीने सांगितलं की रस्ते बांधणं एकट्या प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही, पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. त्यातून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. गाडी चालवणाऱ्याने इंधनासोबत रस्त्याचे पैसे द्यावेत, ही साधी आणि न्याय्य कल्पना एका मराठी माणसाच्या अहवालातून देशाला मिळाली, याचा मला अभिमान वाटतो.

वर्ध्याने स्थानिक कारभाराची घडी दोनदा बदललेली पाहिली. मध्य प्रांत-वऱ्हाडात 1948च्या कायद्याने तहसीलनिहाय जनपद सभा आल्या आणि गावरस्ते त्यांच्याकडे गेले. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर 1961चा कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तहसिलीचे रस्ते जिल्ह्याचे झाले.

पैशाचं मात्र वेगळं. अमेरिकेतल्या काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, घरपट्टीसारखा स्वतःचा मालमत्ता कर असतो, राज्याच्या इंधन करातला वाटा असतो, आणि त्यावर ती आपले रस्ते राखते. तिथल्या सार्वजनिक रस्त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लांबी काउंट्यांकडे आहे. आपल्या जिल्हा परिषदेला जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला हिस्सा असं थोडंफार स्वतःचं उत्पन्न आहे, पण रस्त्याचा खरा पैसा वरून येतो, आणि तो आकड्यांच्या नावाने येतो. कचेरीत कुणी 'देखभालीचं अनुदान' म्हणत नाही. 'तीस चोपन्न'मधून होईल का, 'पन्नास चोपन्न'मध्ये बसवा, नाहीतर 'पंचवीस पंधरा'तून मागा, असं बोलतात. 3054 आणि 5054 ही रस्ते-पुलांची लेखाशीर्षं, पहिलं महसुली खर्चाचं आणि दुसरं भांडवली. 2515 हे ग्रामविकासाचं, गावातल्या आतल्या रस्त्यांसारख्या कामांचं.

यातला मोठा हिस्सा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीतून ठरतो. वाटप करताना आधी जुन्या, चालू कामांचं देणं वजा करतात. त्याला 'दायित्व' म्हणतात. उरलेल्या रकमेच्या दीडपट नवी कामं मंजूर करता येतात. निविदा, मान्यता यांत वेळ जातो, काही कामं गळतात, म्हणून ही दीडपट. पण त्याचा अर्थ असा की आज मंजूर झालेल्या कामाचं बिल पुढच्या वर्षाच्या दायित्वात जाऊन बसतं आणि पुढच्या वर्षीच्या नव्या रस्त्याची जागा अडवतं. जिल्हा परिषदेला निधी खर्चायला पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत मुदत मिळते. त्यात तो संपला नाही तर सरकारजमा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधकाम विभागात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, मोजमाप पुस्तिका भरल्या जातात, ते या तारखेमुळे.

नव्या रस्त्याला मात्र पैसा तुलनेने सहज मिळाला. 25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्यामागे डिझेलवरच्या उपकराचा पैसा होता, म्हणजे जयकरांचीच कल्पना. सपाट भागातल्या 500 किंवा त्याहून जास्त वस्तीच्या गावाला बारमाही रस्ता हे तिचं उद्दिष्ट. 2015 पासून राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना जोडीला आली. प्रधानमंत्री योजनेच्या करारात कंत्राटदाराने पाच वर्षं देखभाल करायची अट असते आणि ती फार मोलाची आहे. सहाव्या वर्षी रस्ता जिल्हा परिषदेच्या पदरात येतो. त्यासोबत त्याला जपण्याइतका पैसा येत नाही. माझं सगळं म्हणणं इथे आहे. आपण रस्ते बांधतो, उद्घाटन करतो, आणि मग ते फुटेपर्यंत त्यांच्याकडे फिरून बघत नाही. फुटला की पुन्हा 'मजबुतीकरण'.

वर्ध्यात हे महागात पडतं, कारण खाली काळी माती आहे. मे महिन्यात वावरात उभं राहून बघा. भेगांत हात मनगटापर्यंत जातो. तीच माती पावसाने फुगते आणि पायाला किलोकिलोने चिकटते. उन्हाळ्यात आकसणाऱ्या आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या जमिनीवर तीन-पावणेचार मीटर रुंदीची डांबराची पट्टी अंथरलेली असते. रस्ता मधून फुटण्याआधी कडेने फुटतो: बाजूपट्टीशेजारी आधी एक लांब, सरळ भेग, मग काठ खाली बसतो, मग गिट्टी सुटते. म्हणून मातीवर मुरमाचा जाड थर हवा आणि त्याहून आधी पाणी बाहेर काढायला नाली हवी. नाली खोदणं हे रस्त्याच्या कामातलं सगळ्यांत स्वस्त काम आहे. तरी बुजते तीच. शेजारचं वावर वखरता वखरता धुरा रस्त्याकडे सरकतो, नाली त्याच्या पोटात जाते. बाजूपट्टीवर माती आणि गवत साचून रस्त्यापेक्षा उंच होतं, आणि पाणी डांबरावरच तुंबून राहतं.

पूर्वी यासाठी मैलकुली होता. ठरलेला टप्पा त्याचा. फावडं, घमेलं घेऊन तो गवत काढायचा, पाण्याला वाट करून द्यायचा, खड्डा बशीएवढा असतानाच भरायचा. कुठल्या मोरीत कधी गाळ भरतो हे त्याला पाठ असायचं. मैलकुली निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत. कंत्राटी कामाने ती माहिती परत येत नाही, असं मला ठामपणे वाटतं. तालुक्याला दहा-वीस माणसांची कायमची टोळी ठेवली तर तिचा पगार एखाद्या किलोमीटरच्या नव्या डांबरापेक्षा जास्त मोल देऊन जाईल.

वजनाचाही प्रश्न आहे. आसावरचं ओझं दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापटीच्या घरात जाते. गावरस्ता बंडी, ट्रॅक्टर आणि दिवसाच्या चार-दोन एसट्यांसाठी आखलेला. मोठं काम जवळ निघालं की त्यावरून मुरूम आणि गिट्टी भरलेले टिप्पर धावतात, आणि दहा वर्षं टिकायचा रस्ता एका हंगामात जातो. दुरुस्तीचा भार कामवाल्यावर टाकायचा तर आधी रस्त्याची स्थिती नोंदलेली हवी, पत्रव्यवहार हवा, आणि मागे लागणारं कुणी हवं.

मागे लागणारा माणूस म्हणजे जिल्हा परिषदेचा सदस्य. 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. बांधकाम समितीच्या बैठकीत "माझ्या सर्कलमधला रस्ता का राहिला?" म्हणून टेबल वाजवणारा आवाज थांबला. फाइली चालत राहतात, पण आष्टीच्या टोकावरच्या गावाला वर्ध्यापर्यंत अर्ज घेऊन यायला अख्खा दिवस आणि मजुरी मोडावी लागते.

पहिला मोठा पाऊस पडला की अशा गावांत एक दृश्य दरवर्षी दिसतं. मोरीच्या तोंडाशी पऱ्हाट्या, प्लास्टिक आणि गाळ अडकलेला, पाणी रस्त्यावर चढलेलं. कुणीतरी पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून उतरतो, हाताने काड्या ओढून काढतो, फावड्याने गाळ लोटतो. पाणी एकदम आवाज करत खालून निघतं. तो वर येऊन फाट्याकडे बघत थांबतो, सकाळची एसटी यायची असते.