गाववाला शेअर? आधी वेग बघा!

ओळखीच्या कंपनीवर जीव असतो, मान्य. पण डिमॅट अकाउंटला गावचं प्रेम कळत नाही. सातारा-सांगली पट्ट्यातल्या कंपन्यांच्या निमित्तानं समजून घेऊ या मोमेंटमचा फंडा...

बोनस जमा झालाय. वीकेंडला पुण्याहून घरी जाताय. कट्ट्यावर दोस्त कानात सांगतो, 'अरे, आपल्याकडचीच कंपनी आहे, महिन्यात सॉलिड पळालीय. घेऊन टाक!' आणि तुमचा अंगठा मोबाइलवर लगेच 'बाय' शोधायला लागतो. थांबा जरा! हे पैसे कदाचित फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे आहेत. आधी पाच मिनिटं चार्ट बघू या.

आपल्याकडच्या कंपन्या, पण कुठल्या?

हा पट्टा अवजारांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवले. आज तिथे किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप तयार होतात. साताऱ्यात कूपरचं नाव मोठं, पण कूपर कॉर्पोरेशन ही खासगी कंपनी. तिचा शेअर बाजारात मिळतच नाही, तेव्हा शोधण्यात वेळ घालवू नका.

हातात धरायच्या टूल्सचं म्हणाल, तर सांगलीहून अंकलीचा पूल ओलांडा, जयसिंगपूर मागे टाका, की आलं शिरोळ. जिल्हा कोल्हापूर, पण सांगलीच्या शेजारचंच. इथली केपीटी इंडस्ट्रीज म्हणजे पूर्वीची कुलकर्णी पॉवर टूल्स, स्थापना १९७६. ड्रिल, ग्राइंडर, ब्लोअर बनवणारी ही कंपनी मुंबई शेअर बाजारात नोंदलेली आहे. आपल्या आजच्या धड्यासाठी एकदम परफेक्ट! (धड्यासाठी म्हटलंय, खरेदीसाठी नाही.)

पाणी किती फुटांवर, आणि किती चढतंय?

मोमेंटम म्हणजे काय, हे सांगलीकरांना वेगळं शिकवायला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ लोक दोन गोष्टी विचारतात. पाणी किती फुटांवर आहे? आणि तासाला किती चढतंय? पहिला आकडा म्हणजे शेअरचा भाव. दुसरा म्हणजे मोमेंटम. पाणी चढत असलं तरी चढण्याचा वेग मंदावला, की जाणती माणसं सावध अंदाज बांधतात. इंडिकेटर्स हेच काम करतात.

सगळ्यात सोपा 'रेट ऑफ चेंज'. समजा, वीस दिवसांपूर्वी भाव ५०० होता, आज ५६०. वेग झाला १२ टक्के. पुढच्या आठवड्यात भाव वाढूनही हा आकडा ६ वर आला, तर गाडी पुढे जातेय, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल झालाय.

दुसरा, सगळ्यांचा लाडका आरएसआय. जे. वेल्स वाइल्डर यांनी तो १९७८ मध्ये मांडला. साधारण १४ दिवसांची सरासरी वाढ आणि सरासरी घट घ्यायची. वाढ ६ रुपये, घट २ रुपये असेल तर भागाकार ३. आता १०० ला ४ नं (म्हणजे १ अधिक ३ नं) भागा, आले २५. ते १०० मधून वजा केले, की आरएसआय ७५. सत्तरच्या वर 'ओव्हरबॉट', तिसाच्या खाली 'ओव्हरसोल्ड'.

इथेच अनेकांची गल्लत होते. सत्तर म्हणजे 'विका' असा हुकूम नाही. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. इशारा पातळी ओलांडली म्हणून पाणी लगेच उतरत नाही! जोरात पळणारा शेअरही कित्येक आठवडे सत्तरच्या वर राहू शकतो. जास्त कामाची खूण वेगळी : भाव नवा उच्चांक करतोय, पण आरएसआय मागच्या उच्चांकाला पोचत नाही. याला 'डायव्हर्जन्स' म्हणतात.

तिसरा एमएसीडी. बारा आणि सव्वीस दिवसांच्या सरासरींमधला फरक, आणि त्या फरकाची नऊ दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल लाइन. फरक तिच्या वर गेला तर वेग वाढतोय, खाली आला तर घटतोय.

चार माणसांची गर्दी

आता खरी गंमत. किर्लोस्कर ब्रदर्सचे शेअर आहेत सुमारे ८ कोटी. केपीटीचे? फक्त ३४ लाख! त्यातलेही प्रवर्तकांकडचे वजा करा. म्हणजे रोज बाजारात फिरणारा माल फारच थोडा.

अशा शेअरमध्ये एखाद्या मोठ्या ऑर्डरनं भाव चार टक्के वर जाऊ शकतो. आरएसआय उसळतो आणि तुम्हाला वाटतं, अख्खा बाजार धावतोय. प्रत्यक्षात धावणारी माणसं चारच असतात. उलटंही होतं. समजा, दिवसाला २,००० शेअरची उलाढाल आहे आणि तुमच्याकडे आहेत ५००. म्हणजे अख्ख्या दिवसाचा चौथा हिस्सा तुम्हालाच विकायचाय. त्यात लोअर सर्किट लागलं, तर घेणाराच नसतो. इंडिकेटर 'बाहेर पडा' म्हणतो आणि दार बंद!

म्हणून आधी व्हॉल्यूम, मग आरएसआय. छोट्या शेअरसाठी रोजच्या चार्टपेक्षा आठवड्याचा चार्ट बघितलेला बरा, कारण एका दिवसाची उडी त्यात थोडी मुरते.

आणि मोमेंटम खोटा असतो असंही नाही. जेगदीश आणि टिटमन या अभ्यासकांनी १९९३ मध्ये अमेरिकी बाजारावर दाखवलं, की गेल्या काही महिन्यांत पुढे असलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीनं पुढे राहतात. पण ते अनेक शेअर्सच्या टोपलीबद्दल होतं. तुमच्या एकट्या गाववाल्या शेअरची गॅरंटी त्यात नाही.

वेगामागचं कारण विचारा

टूल्सचा धंदा चढ-उताराचा. बांधकाम, फॅब्रिकेशन, फाउंड्री जोरात तर ग्राइंडर खपतात, मंदीत दुकानदार जुनाच माल संपवतो. तेव्हा भाव पळाला की तिमाही निकाल उघडा. विक्री वाढलीय की फक्त 'इतर उत्पन्न'? केपीटी ब्लोअरही विकते, मग विभागवार आकडे काय म्हणतात? वेग आणि कारण दोन्ही जुळले, तरच पुढचा विचार.

झटपट टिप्स

• रोजची सरासरी उलाढाल बघा. तुमची खरेदी त्याच्या पाच-दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको.
• एकाच इंडिकेटरवर भिस्त नको, पण दहाही नकोत. वेगासाठी एक आणि व्हॉल्यूम, पुरे.
• बाहेर पडायचा भाव खरेदीच्या आधी लिहून ठेवा.
• वर्षाच्या आत विकलंत, तर नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे. नफा मोजताना तो वजा करा.
• सल्ला हवाच असेल, तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचा. कट्ट्यावरच्या दोस्ताला चहा पाजा, पैसे देऊ नका.
• डाउन पेमेंटचे पैसे एफडीतच शोभतात!